एर्मेलिंदाच्या चादरी

फ्योरेंत्सोचा फोन दर रविवारी अकराला येतो आणि साडेअकराच्या आत संपतो. तब्येत कशी आहे, गोळ्या घेता ना, ऑलिव्हला फुलोरा धरला का. म्हातारा कोस्ताबिले तिन्ही प्रश्नांना "बरं आहे" म्हणतो, आणि त्या अर्ध्या तासावर आठवडा काढतो. मार्चमधल्या एका रविवारी मात्र मुलाने चौथी गोष्ट काढली.

"बाबा, जूनमध्ये शाळा सुटल्या की आम्ही चौघं तिकडे येतोय. बिआंकाला यंदा शाळेत इतिहासाला ग्रीक लोक आहेत. म्हटलं, पोरांना वेलियाचे अवशेष नीट दाखवू. सगळ्यांनी मिळून जाऊ. तुम्हीही चला."

तुम्हीही चला. आता काय म्हणावं याला. कोस्ताबिले चौतीस वर्षं वेलियाच्या अवशेषांवर राखणदार होता. सकाळी कुलूप त्याने काढायचं, संध्याकाळी त्यानेच लावायचं. कुठला दगड ग्रीकांचा, कुठला रोमनांचा आणि कुठला परवा शेळ्या हाकलायला कुणी आणून टाकलेला, हे त्याला डोळे मिटून सांगता आलं असतं. त्याला वेलियाला चला म्हणणं म्हणजे आचाऱ्याला जेवायचं आमंत्रण देणं. पण म्हाताऱ्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. फोन ठेवला तेव्हा त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते. ‘सगळ्यांनी मिळून’ हे शब्द त्याने एर्मेलिंदाच्या फोटोलाही जाऊन सांगितले.

एर्मेलिंदा त्याची बायको. दोन हिवाळ्यांपूर्वी गेली. ती होती तोवर मुलगा-सून-नातवंडं दर ऑगस्टला उत्तरेकडच्या बेर्गामोहून यायची, पंधरा दिवस राहायची. ती गेल्यावर पहिल्या वर्षी मुलाची कामातून सुटका झाली नाही, दुसऱ्या वर्षी ते दुसरीकडे कुठेतरी समुद्रावर गेले. कोस्ताबिलेने दोन्ही वेळा "बरं" म्हटलं होतं.

आता आमच्या गल्लीबद्दल एक सांगायला हवं. गल्ली इतकी अरुंद की दोन माणसं छत्र्या उघडून समोरासमोर आली तर एकाला मिटावी लागते. दोन्ही बाजूंच्या घरांमध्ये कप्पीवरच्या दोऱ्या बांधलेल्या, त्यांच्यावर कपडे वाळतात. गल्लीत वर्तमानपत्र कुणी घेत नाही, गरजच पडत नाही. दोऱ्या वाचल्या की झालं. कुणाकडे बाळ झालं, कुणाचा नवरा जर्मनीहून परतला, कोण अंथरुणाला खिळलं, सगळं वर लटकत असतं. आणि ऑगस्टात पाहुणे गेले की दुसऱ्या दिवशी चादरी. तीन जोड्या म्हणजे घर भरलं होतं. चार म्हणजे त्या घरच्या बाईला आठवडाभर बोलायला तोंड पुरत नाही. गेल्या दोन ऑगस्टांत सगळी गल्ली वरून पांढरीशुभ्र झाली होती आणि कोस्ताबिलेच्या दोरीवर त्याचेच दोन शर्ट हलत होते. त्या दोन शर्टांची त्याला जी लाज वाटली, तशी उभ्या जन्मात कशाची वाटली नव्हती. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. पण यंदा त्याला काय हवं होतं हे विचाराल तर एवढंच: मुलाने येऊन त्याच्या छपराखाली झोपावं, आणि दोरीवर चादरी लागाव्यात.

दोरीचं दुसरं टोक कार्मोसिनाच्या बाल्कनीला. ती विधवा, वयाने त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी. बाप्तिस्म्याच्या वेळी फ्योरेंत्सोला तिनेच हातावर धरलं होतं, तेव्हापासून दोन्ही घरं एकमेकांना कुम्पा आणि कुम्मा म्हणतात. व्याही नव्हे, पण नातं तितकंच पक्कं, आणि तितकंच टोचणारं.

"कुम्मा," कोस्ताबिलेने त्याच संध्याकाळी बाल्कनीतून सांगितलं, "येतायत. चौघंही."

"कधी?"

"जूनमध्ये."

"आज मार्चची दहा. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग." पण बोलता बोलता ती चष्मा लावून जिना उतरलीही, कारण पेटी उघडायची तर पुरुषाच्या हाती ते काम सोपवण्यात अर्थ नव्हता.

पेटीत एर्मेलिंदाच्या लग्नातल्या चादरी होत्या. जाड लिननच्या, तिच्या आईने विणवून घेतलेल्या, कोपऱ्यात लाल दोऱ्याने तिच्या नावाची अक्षरं. मुलगा यायचा तेव्हाच त्या निघत. एरवी नवरा-बायको साध्या सुती चादरीवर झोपत, आणि उभ्या संसारात कोस्ताबिलेला त्या लिननवर झोपण्याचा मान आजारपणातसुद्धा मिळाला नव्हता. कसर लागू नये म्हणून घातलेली लॉरेलची वाळकी पानं झटकून कार्मोसिनाने सहा चादरी बाहेर काढल्या. तीन बिछाने, तीन जोड्या.

"घड्या बघा कशा बसल्यात," ती म्हणाली. "दोन वर्षं हात लागला नाही यांना."

"कोण होतं लावायला."

तिने त्याच्याकडे पाहिलं आणि विषय बदलला. "मधल्या खोलीतली गादी उलटी करा, कुम्पा. गादीला दोन बाजू असतात हे पुरुषांना मरेपर्यंत कळत नाही."

सहलीचा आराखडा करायला कोस्ताबिलेने औषधाच्या दुकानातून मिळालेल्या जुन्या कॅलेंडरचं पान घेतलं. मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलने सगळं वेलिया काढलं. आठला आत शिरायचं, उन्हाच्या आधी. आधी खालचं गाव, मग न्हाणीघर, तिथल्या फरशीवरचे मासे पोरांना आवडतील. नऊला कॅरोबच्या झाडाखाली पाणी, कारण वर चढेपर्यंत दुसरी सावली नाही. मग चढाच्या फरसबंदीवरून कमानीच्या दरवाजापर्यंत. उजव्या हाताने चालायचं, डावीकडचे दगड गुळगुळीत झालेत. तिसऱ्या भिंतीच्या फटीत काळा साप राहतो, निरुपद्रवी आहे, पण मार्त्सियाला सांगू नये. मार्त्सिया म्हणजे सून. अकराला बुरुजावर, तिथे वारा असतो. बुरुजामागच्या गवतावर जेवण: शेवयांचं थंड ऑम्लेट, पाव, टोमॅटो, सुकवलेले पांढरे अंजीर. साप त्याने वेटोळ्यासकट काढला, आणि जेवायच्या जागी पाच ठिपके. पाचवा ठिपका आपला.

मुक्काम कुठे, हा प्रश्नच त्याच्या डोक्यात आला नव्हता. आपल्या घरी येणाऱ्याला मुक्काम कुठे म्हणून कोण विचारतो?

मेमध्ये एका रविवारी त्याने मुलाला हा सगळा बेत फोनवर वाचून दाखवायला घेतला. कॅरोबच्या झाडापाशी पोचतो न पोचतो तोच फ्योरेंत्सो म्हणाला, "बाबा, त्रास कशाला घेता? मार्त्सियाने सगळं आखलंय. तुम्हाला तक्ता पाठवतो."

तक्ता आला. कोस्ताबिलेने स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून, चष्मा पुसून, फोन हातभर लांब धरून तो वाचला. शुक्रवारी पेस्तुमची देवळं, पिवळ्या रंगात. समुद्र निळ्या रंगात. शनिवारी साडेदहाला वेलिया, मार्गदर्शक बाई ठरवलेली, तीही पिवळ्यात. हिरव्या रंगात गुरुवारपासून तीन रात्री हॉटेल, खाली किनाऱ्यावर, पोहायच्या तलावासकट. म्हातारा आपलं नाव शोधत खाली खाली गेला. शेवटच्या आधीच्या ओळीत ते होतं, राखाडी रंगात. रविवार, एक ते चार: आजोबा.

त्याने फोन पालथा ठेवला. मग पुन्हा उचलून पाहिला, राखाडी ओळ तिथेच होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते मार्गदर्शक बाईचं झालं, ते एक वेळ हसून सोडून देता येतं. पण हिरवा रंग त्याच्या घशाखाली उतरेना. स्वतःच्या बापाचं घर हाकेच्या अंतरावर असताना माणूस परक्या उशीवर डोकं ठेवतो, तेव्हा आमच्याकडे लोक एकच अर्थ काढतात.

पुढच्या रविवारी त्याने विचारलं. असं तोंड उघडून विचारणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

"फ्योरे, हॉटेल कशाला? घर काय पडलं की काय?"

"बाबा, तुमच्यासाठीच. तुम्ही एकटे. चार माणसांची उस्तवार, न्हाणीघर एक. तुम्ही पहाटे चारला उठून कॉफी करत बसाल. आई होती तेव्हा गोष्ट वेगळी होती."

मुलगा वाईट नाही. हे त्याने मायेनेच म्हटलं होतं, आणि म्हणूनच ते कोस्ताबिलेला जास्त लागलं. आई होती तेव्हा गोष्ट वेगळी होती. म्हणजे घर एर्मेलिंदाचं होतं. तो इथेही राखणदारच होता.

"एक रात्र तरी," तो म्हणाला. "शनिवारची. पोरं इथे झोपू देत, तुम्ही दोघं हॉटेलात राहा हवं तर."

"बघतो बाबा. मार्त्सियाशी बोलतो."

बघतो म्हणजे काय, हे चौतीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. तरी त्याने बिछाने मोडले नाहीत. संध्याकाळी समोरच्या बाल्कनीत कार्मोसिना तुळशीला पाणी घालत होती, तिने सहज विचारलं, "उशा किती कमी पडतायत, कुम्पा?"

इथे खरं सांगून टाकायचं होतं. पण त्याच्या डोळ्यांसमोर ते दोन शर्ट आले.

"दोन," तो म्हणाला.

तिने दोन उशा दोरीला चिमट्यांनी लावल्या आणि कप्पी फिरवली. इस्त्री केलेल्या अभ्र्यांच्या त्या पांढऱ्या उशा गल्लीवरून डुलत त्याच्याकडे आल्या. खालून ओर्सोला पाव घेऊन चालली होती. ही बाई गल्लीतलं काहीही मोजल्याशिवाय सोडत नाही. "अरे वा," ती मान वर करून म्हणाली, "राजाच्या घरी वऱ्हाड उतरणार वाटतं."

"उतरणार तर," कोस्ताबिले म्हणाला. झाकली मूठ सव्वा लाखाची.

जून आला. शनिवारी कोस्ताबिले आठ वाजता वेलियाच्या फाटकाशी टोपली घेऊन उभा होता. तक्त्यात साडेदहा लिहिलं होतं हे त्याला माहीत होतं. पण आठला न येणं त्याला जमलं नाही, पायांना सवय होती. पावणेअकराला ते आले. मार्त्सियाने दोन्ही गालांचे मुके घेतले आणि आपल्या डोक्यावरची टोपी काढून त्याच्या डोक्यावर ठेवली. "बाबा, किती वेळचे उभे आहात उन्हात? फोन करायचा ना." सून मनाची चांगली. थोरला एदोआर्दो आता तिच्या उंचीला आला होता. आमच्या रीतीने पहिल्या नातवाला आजोबाचं नाव मिळतं, पण कोस्ताबिले हे नाव बेर्गामोच्या शाळेत पोरं चिडवतील म्हणून ते राहिलं होतं. धाकटी बिआंका दहा वर्षांची, तिने आजोबांचा हात धरला आणि सोडला नाही.

मार्गदर्शक बाई तरुण होती, आणि चांगलं सांगत होती. ती वाईट बोलली असती तर म्हाताऱ्याला बरं वाटलं असतं. तो सगळ्यांच्या मागून चालला. फरशीवरचे मासे आले, दरवाजा आला. कॅरोबच्या झाडाखाली कुणी थांबलं नाही. चढावर बाईने सांगितलं की याच गावच्या एका जुन्या शहाण्याने म्हणे सिद्ध केलं होतं, धावणारा माणूस ठरल्या जागी कधी पोचूच शकत नाही. आधी अर्धं अंतर जायचं, मग उरलेल्याचं अर्धं, मग त्याच्या उरलेल्याचं, आणि थोडं उरतच राहतं. ही गोष्ट कोस्ताबिलेने स्वतः हजार वेळा पर्यटकांना सांगितली होती आणि दर वेळी हशा घेतला होता. आज ऐकणाऱ्यांत उभं राहिल्यावर त्याला त्यात हसण्यासारखं काही सापडलं नाही.

"मग आपण हॉटेलात कसे पोचतो?" बिआंकाने विचारलं. सगळे हसले.

बुरुजावर वारा होता. टोपलीकडे बघून फ्योरेंत्सो ओशाळला. "बाबा, जेवायला खाली टेबल राखून ठेवलंय. हे तुम्ही... अंजीर घेऊ दे पोरांना." पोरांनी अंजीर घेतले. ऑम्लेट फडक्यात बांधलेलंच राहिलं. कॅलेंडरचं पान खिशातून बाहेर निघालं नाही. संध्याकाळी गाडीत बसताना त्याने मुलाकडे नुसतं पाहिलं. फ्योरेंत्सोला कळलं ते. "पोरं दमलीत, बाबा," तो म्हणाला, "आणि पोहायचं म्हणून हट्ट धरलाय. उद्या येतोच की."

रविवारी एक वाजता ते आले, मिनिटाचाही उशीर नाही. कार्मोसिनाने सकाळीच लोखंडी काडीवर वळलेल्या शेवया करून दिल्या होत्या, मटणाचा रस्सा म्हाताऱ्याने स्वतः पहाटेपासून शिजवला होता. जेवण छान झालं, हे कबूल केलं पाहिजे. एदोआर्दोने तीनदा वाढून घेतलं. मार्त्सियाने रश्श्याची कृती विचारून फोनवर टिपून घेतली. कोस्ताबिले ताटं उचलता उचलता एकदा म्हणाला, "सामान वर नेऊन ठेवायचं का?"

"सामान गाडीत आहे, बाबा. सातला नेपल्सहून विमान. उद्या मला कामावर हजर व्हायचंय."

"बरं," कोस्ताबिले म्हणाला.

सव्वातीनला कुणाच्या तरी लक्षात आलं की बिआंका दिसत नाही. फ्योरेंत्सो हाका मारत वर गेला, म्हातारा मागोमाग. मधल्या खोलीत, खिडकीकडच्या बिछान्यावर, पोरगी चपला काढून चादरीत शिरून गाढ झोपली होती. तोंड अर्धं उघडं, एक हात खाली लोंबतोय. उशाशी कॅलेंडरचं पान. आजोबांच्या कोटातून ते तिने कधी काढलं कुणास ठाऊक.

फ्योरेंत्सो दारातच थांबला. त्याने ती खोली पाहिली, मग मागे वळून मोठी खोली पाहिली. तीन बिछाने, तीन जोड्या, उशा फुगवून ठेवलेल्या. बेसिनपाशी चार टॉवेल. त्याने वाकून चादरीच्या कोपऱ्यातल्या लाल अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"आईच्या," तो म्हणाला.

"हवा लागायला घातल्यात," कोस्ताबिले म्हणाला. "पेटीत पिवळ्या पडतात."

फ्योरेंत्सो चाळीस पार केलेला माणूस, पण त्या वेळी त्याचा चेहरा शाळेत नापास होऊन आल्यावर व्हायचा तसा झाला. "पुढच्या वर्षी, बाबा," तो म्हणाला. "नक्की."

"बरं."

"मी बोललो असतो मार्त्सियाशी, पण पैसे भरून झाले होते, आणि मला वाटलं..."

"उठव तिला," बाप म्हणाला. "विमान चुकेल."

बिआंका डोळे चोळत उठली. पान हातात घेऊन म्हणाली, "आजोबा, यात साप आहे. आम्हाला बाईने साप दाखवलाच नाही."

"तो माझ्या ओळखीचा आहे. परक्यांना दिसत नाही."

"मग आपण या कागदावरून का नाही गेलो?"

फ्योरेंत्सोने वाकून तिच्या चपला पुढे सरकवल्या. तिने कागद घडी करून फ्रॉकच्या खिशात घातला. चारला पाच मिनिटं कमी असताना गाडी चौकातून वळली.

सोमवारी सकाळी कोस्ताबिले गच्चीवरच्या दगडी हौदाशी चादरी घेऊन उभा राहिला. चार. मोठ्या बिछान्याची जोडी आणि एदोआर्दोसाठी घातलेली जोडी. एवढा खटाटोप कशासाठी, हे त्याला स्वतःशीसुद्धा नीट म्हणता आलं नसतं. स्वच्छ, कोऱ्या, कुणाच्या अंगाखाली न गेलेल्या चादरी त्याने साबणाच्या पाण्यात बुडवल्या, काढल्या, पिळल्या आणि बाल्कनीत आणून दोरीला लावायला घेतल्या. एक लावायची, कप्पी ओढायची, दुसरी लावायची. आमच्या दोऱ्यांचं असं आहे की आपण लावलेलं कापड सरकत सरकत समोरच्याच्या नाकाशी जाऊन थांबतं. पहिली चादर कार्मोसिनाच्या बाल्कनीपाशी पोचली तेव्हा ती तिथेच बसून शेंगा सोलत होती.

ती उठली. चादरीवरून तिने हात फिरवला, वरून खाली, मग आडवा. कोस्ताबिलेने नजर दुसरीकडे वळवली.

"कुम्पा."

"काय."

"नुसत्या बुडवून काढल्यात."

त्याने दोरीवरचा एक चिमटा उगाच सरळ केला.

"लिनन आहे हे. दोन वर्षांची घडी बुडवून जात नाही. ही बघा, उभी रेघ, ही आडवी. खालून सुद्धा दिसेल." आवाज अगदी खाली आणून ती म्हणाली, "आधी त्यांच्यावर झोपावं लागतं. प्रत्येकीवर एक रात्र. कूस बदलत, नीट चुरगळून. मग धुवायच्या."

"तुम्हाला कसं माहीत?"

कार्मोसिनाने शेंगांची परात कठड्यावर ठेवली. तिची मुलगी स्वित्झर्लंडला असते. गेल्या ऑगस्टात मुलगी, जावई, तीन मुलं आली होती, आणि तिच्या दोरीवर चार जोड्या लागल्या होत्या. कोस्ताबिलेने त्या मोजल्या होत्या. मोजून आत जाऊन दार लावून घेतलं होतं.

"जावयाला माझ्या घरातल्या पायऱ्या उंच पडतात," ती म्हणाली. "खाली किनाऱ्यावर उतरले होते. तुमच्या फ्योरेचंही तेच हॉटेल असेल, दुसरं आहे कुठे. तीन वेळा जेवायला आले. मी चार रात्री या खोलीतून त्या खोलीत झोपत फिरले, कुम्पा. पाठ धरली माझी."

म्हातारा दोरी हातात धरून तसाच उभा राहिला. त्याला राग यायला हवा होता, की गेलं वर्षभर या बाईने आपल्याला फसवलं. त्याऐवजी त्याच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि ते त्याने ओल्या हाताने पुसलं, त्यामुळे काहीच पुसलं गेलं नाही.

"मला वाटायचं, एकट्या माझ्याच घरी..." तो म्हणाला.

"ते प्रत्येकालाच वाटतं." तिने दोरीवर नजर फिरवली. "चारच? तिसरी जोडी कुठे आहे?"

"ती धुवायची नाही."

"ओर्सोला मोजते, माहीत आहे ना? चार माणसं आली, तीन बिछाने. उशा माझ्याकडून गेल्या तेव्हाच तिने हिशोब केला असणार."

"त्या जोडीत बिआंका झोपली होती," कोस्ताबिले म्हणाला. "काल दुपारी. पाऊण तास."

कार्मोसिनाने कठड्यावरची परात जरा बाजूला सरकवली.

"पाऊण तास," ती म्हणाली. "आपणहून?"

"आपणहून. चपला काढून."

"मग नकाच धुऊ ती. नशीबवान आहात तुम्ही."

ती आत गेली. जराशाने नळ वाजला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तिच्या स्वतःच्या घरातली एक पांढरी जोडी होती, चिंब भिजलेली, पाणी गळत असलेली. तिने ती आपल्या बाजूने दोरीला लावली, आपल्या अक्षरांचा कोपरा आत दुमडून, खालून नाव दिसू नये म्हणून. मग चिमटे दातांत धरून तिने मानेनेच खूण केली. कोस्ताबिलेने दोरी ओढली आणि सहाही चादरी गल्लीच्या मधोमध आल्या.

ओर्सोला पाव घेऊन गल्ली चढत आली. थेंब अंगावर पडला तशी थांबली. मान वर करून तिने चादरी पाहिल्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, ओठ हलवत. घडीच्या रेघा उन्हात अगदी स्पष्ट दिसत होत्या.

"तीन जोड्या," ओर्सोला म्हणाली. "घर भरलं होतं म्हणायचं."

"भरलं होतं," कार्मोसिनाने वरून उत्तर दिलं.

"दिसतंय की." ओर्सोलाने पावाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. चार पावलं पुढे जाऊन ती वळली आणि कोस्ताबिलेला म्हणाली, "ऑगस्टात माझ्याकडे पोरगा येतोय, सगळ्यांना घेऊन. दोन उशा लागतील मला. द्याल ना?"

"देईन," कोस्ताबिले म्हणाला.

ती कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी झाली. दोघं आपापल्या बाल्कनीत उभे होते. कार्मोसिनाने परात पुन्हा मांडीवर घेतली. कोस्ताबिले आत गेला, मधल्या खोलीत खिडकीकडच्या बिछान्याशी खुर्ची ओढून बसला. चादर बिआंकाने टाकली होती तशीच एका बाजूला लोटलेली होती, आणि उशीत खळगा होता. त्याने चादरीला हात लावला नाही. वारा येत होता, म्हणून खिडकी मात्र लावून घेतली.